खांबाला पडायला शिकवणारी

माझी बायको माणसं पाडते. थट्टा नाही, खरंच. दिवसा ती लाँड्रीत गिऱ्हाइकांच्या कपड्यांना चिठ्ठ्या लावते आणि संध्याकाळी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या हॉलमध्ये ज्युदो शिकवते. उंचीने माझ्या खांद्याला लागते. तिच्याबद्दल चांगलं ऐकायचं असेल तर गल्लीत कुणालाही विचारा, सगळे तयारच बसलेत. मी सांगेन ते जरा वेगळं असेल, कारण मी तिचा नवरा आहे आणि गेलं वर्षभर माझा नुसता जळफळाट चाललाय.

ती ज्युदोत आली तीसुद्धा दुसऱ्याच्या जागेवर. घरच्यांनी क्लास लावला होता थोरल्या भावाला. भाऊ पक्का आळशी. भरलेली फी वाया जायला नको म्हणून त्याचाच ड्रेस बाह्या दुमडून हिला घातला आणि पाठवून दिलं. भावाने पुढे पोट सोडून काही वाढवलं नाही, ही ब्लॅक बेल्ट झाली. लग्न ठरवताना मला यातलं कुणी काही बोललं नाही. 'मुलगी शांत आहे,' एवढंच सांगितलं. शांत आहेच म्हणा. माणूस उचलून आपटतानासुद्धा तिचा आवाज चढत नाही.

मी फुटबॉल क्लबचा ट्रेनर. पोरांचा दम वाढवायचा, पायात ताकद आणायची, हे काम मी डोक्यावर काळे केस होते तेव्हापासून करतोय. पायऱ्यांवर पळवणं, बैठका, वाळूत धावणं. माझी पोरं दमायची नाहीत, हे शत्रूही कबूल करेल. पण समोरच्याने खांदा लावला की आडवी. नव्या कोचने हे पहिल्याच आठवड्यात हेरलं आणि कुणीतरी त्याच्या कानात घातलं की याचा इलाज ट्रेनरच्या घरातच आहे. गडी मला न विचारता थेट तिच्या हॉलवर गेला. रात्री जेवताना तिने मला सांगितलं, "अहो, तुमच्या कोचना माझ्याकडे पोरं पाठवायचीत." मी म्हटलं, "पाठवू दे की." मला वाटलं, दोन दिवसांत कंटाळतील.

कंटाळतात कसली! पहिल्या दिवशी सगळी तिला 'वहिनी' म्हणत, तोंड दाबून हसत वर चढली. तिने त्यातल्या सगळ्यात धिप्पाड गोलकीपरला पुढे बोलावलं, त्याची बाही धरली, जराशी वळली, आणि तो मॅटवर पाठ टेकून छताचा पंखा बघत होता. खाली उतरताना सगळ्यांच्या तोंडी 'मॅडम' होतं. मी इतकी वर्षं घसा फोडला तेव्हा कुठे मला 'सर' मिळालं होतं.

तिचं शिकवणं अगदी साधं. आधी पडायचं कसं ते. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात मॅटवर आपटायचा, म्हणजे मनगटावर भार येत नाही. मग कंबर खाली घेऊन उभं राहणं, समोरच्याचा जोर अंगावर घेऊन त्याचाच तोल घालवणं. आमचा एक बचावपटू आहे, उंच आणि सरळसोट, त्याला सगळे खांब म्हणतात. कुणीही यावं आणि त्याला ढकलून जावं, अशी त्याची ख्याती. दोन महिन्यांत खांब असा काही उभा राहायला लागला की समोरचे त्याला वळसा घालून जायचे. लोक वाहवा करायचे, "मॅडमची कमाल आहे." अरे, त्या पायांत बळ कुणी भरलं? पण नाही. एकदा भाजी घेताना एकाने माझी ओळखसुद्धा करून दिली, "हे मॅडमचे मिस्टर." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भाजी न घेताच घरी आलो आणि त्यावरूनही बोलणी खाल्ली.

तिच्या हॉलचा एक नियम फार कडक होता. एकाने दुसऱ्याला दाबून धरलं आणि खालच्याला सहन होईना, तर त्याने वरच्याच्या अंगावर दोन थापा मारायच्या. थापा पडल्या की सोडायचं. विचार करत बसायचं नाही, हात आपोआप सुटले पाहिजेत, नाहीतर एखाद्याचा खांदा निखळायचा. ती हे पोरांकडून इतकं घोटून घ्यायची की थाप पडताच वरचा विजेचा झटका बसल्यासारखा बाजूला व्हायचा.

सीझन संपत आला तेव्हा क्लबने कळवलं की पुढच्या वर्षी ट्रेनर एकच ठेवायचा. मी किंवा ती. घरात आम्ही दोघंही त्या विषयाला हात लावत नव्हतो. ती माझा डबा भरायची, मी तिचे पांढरे ड्रेस वाळत घालायचो, आणि मनात मी तिच्या फजितीची वाट बघत होतो.

ती फजिती सेमीफायनलला झाली. एक-एक अशी बरोबरी, खेळ संपायला आलेला, समोरच्या टीमला कॉर्नर मिळाला. त्यांचा टकला स्ट्रायकर गोलसमोर घुसला. खांबाने कंबर खाली घेतली, त्याला अंगावर घेतला आणि असा अडवला की त्याला हलता येईना. टकल्याचा तोल गेला. सावरायला त्याने खांबाच्या पाठीवर हात टाकला. एकदा, दोनदा. त्याबरोबर खांबाने दोन्ही हात वर केले, एक पाऊल मागे सरकला आणि वर त्याला "सॉरी" म्हणाला. तेवढ्यात बॉल आला. टकल्याने आरामात डोकं लावलं. गोल.

सगळं मैदान खांबाला शिव्या घालत होतं. कोचला काय झालं ते कळलंच नाही. मला कळलं, आणि पलीकडे उभ्या असलेल्या माझ्या बायकोला कळलं. तिने डोळे मिटून घेतले. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? कप हातचा गेला होता आणि मला मनातल्या मनात गुदगुल्या होत होत्या.

सोमवारी कमिटीने तिला वगळून मला एकट्याला बोलावलं. कोच आधीच तिथे बसला होता. क्लबचा सेक्रेटरी रंगाच्या दुकानाचा मालक, बॉल गोल असतो एवढंच त्याला फुटबॉलमधलं कळतं. खांबाने खरं काय ते कबूल केलंच होतं. सेक्रेटरी खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "तुम्ही जुने आहात. तुम्हीच सांगा, हे खूळ बंद करायचं ना?" मी घरून भाषण पाठ करून आलो होतो. शिस्त, मेहनत, जुनं ते सोनं, सगळं जिभेवर तयार. तेवढ्यात तो हसत म्हणाला, "बाईमाणसाच्या हाती टीम दिली की पोरं मऊ व्हायचीच. तिला धड शिकवता येत नाही, हे दिसलंच."

माझं डोकं फिरलं. माझ्या बायकोला नावं ठेवायची तर मी ठेवीन, हा कोण टिकोजीराव?

"मऊ?" मी म्हटलं. "यंदा एका तरी पोराचं मनगट मोडलं का? गेल्या वर्षी निम्मी टीम प्लास्टरमध्ये होती. का, तर पडता येत नव्हतं. खांबाला पूर्वी वाऱ्यानेसुद्धा हलवला असता. त्या दिवशी थाप पडेपर्यंत त्याने त्या टकल्याला जागचं हलू दिलं का? तिने शिकवलेलं त्याच्या हाडात उतरलं म्हणून तर हात सुटले. मैदानात शिट्टीशिवाय सोडायचं नाही, एवढी एकच गोष्ट शिकवायची राहिली. त्यासाठी तिला आठवडा पुरेल. मला विचाराल तर मला वर्ष लागेल आणि तरी जमेल की नाही, सांगता येत नाही."

कोचने हळूच विचारलं, "म्हणजे ट्रेनर म्हणून मॅडमच जास्त चांगल्या, असं म्हणायचंय तुम्हाला?"

मी त्याच्याकडे बघितलं. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हणालो, "हो."

माझी जागा गेली. मीच माझ्या तोंडाने घालवली. रस्ताभर स्वतःला शिव्या देत घरी आलो. ती स्वयंपाकघरात भात चढवत होती. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "उद्या मी कोचना सांगणार आहे, पुढच्या वर्षी मला धरू नका. चूक माझी आहे. तुमची जागा तुम्हालाच राहू दे."

बघा! चांगुलपणातसुद्धा ही मला पुढे जाऊ देत नाही. मी चिडून म्हटलं, "काही सांगू नकोस. जागा तुला दिलीय त्यांनी."

"मला? कशी काय?"

"मी सांगितलं म्हणून."

ती वळली. "काय सांगितलंत?"

मी तुटक तुटक सगळं सांगितलं. मनगटाचं, खांबाचं, वर्षाचं. शेवटचं 'हो' मात्र चाचरत, खाली बघून सांगितलं. मला वाटलं ती हसेल, निदान खूश तरी होईल. तिने गॅस बारीक केला.

"हे सगळं त्या रंगवाल्याला सांगितलंत," ती म्हणाली. "लग्नाला इतकी वर्षं झाली. मी रोज याच घरात असते. मला कधी एका शब्दाने म्हणाला नाहीत. मला हेवा वाटतोय त्या माणसाचा."

आवाज नेहमीसारखाच शांत होता, पण डोळे भरले होते. ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"तिथे बोललात तसं बोला. माझ्याकडे बघून."

कमिटीसमोर घडाघडा बोललेला मी स्वतःच्या स्वयंपाकघरात ततपप करत उभा राहिलो. दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा भाताचंच काहीतरी बोललो.

"भात होऊ दे," ती म्हणाली. "मी थांबते."