भास्करदादाची म्हणतात ती लाट

भास्करदादाने माझ्या आईची साडी चोरली.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. अशा दिवशी असं लिहू नये म्हणतात.
मी लिहितेय.

व्हीसीआरचे दिवस होते. घरोघर कलर टीव्ही येत होते आणि लग्न म्हटलं की कॅसेट हवीच. अंबाजोगाईत दादाचा व्हिडिओ मिक्सिंगचा स्टुडिओ होता. मी नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. तो शूटिंग करायचा, मी आत बसून टायटल करायचे.

मला सख्खा भाऊ नाही. दादा माझा चुलतभाऊ, राखी त्यालाच बांधायचे.

त्याला नवरानवरीच्या नावाखाली हलणाऱ्या लाटा पाहिजे होत्या. शिकवणारं कुणी नाही. मी रेघ काढली, वेव्हचा इफेक्ट लावला. झाली लाट.

कॅसेट घाटनांदूरला गेली आणि लगेच परत आली. नवरदेवाच्या चुलत्यांनी ती टेबलावर आपटली.

"पट्ट्या वळवळायल्यात. हेड साफ करकरून बोटं झिजली आमची, टीव्हीला चापट्या बी मारल्या. कॅसेटच खराब हाय तुमची."

त्यांचं तरी काय चुकलं? टीव्हीवर रेघ वळवळली की व्हीसीआरचं हेड घाण झालं, एवढंच लोकांना माहीत.

दादा वैतागला. "बंद कर तुज्या त्या लाटाबिटा."

पण मी हट्टाला पेटले होते.

घरी गच्चीत तारेवर आईची अंजिरी साडी वाळत होती. चिमट्यांजवळ कापड जागचं हलत नव्हतं, फुगत होतं ते मधे. एक चुणी हलली की मग पुढची. बघत उभी राहिले ती आई ओरडेपर्यंत.

तसंच केलं. रेघेची दोन्ही टोकं घट्ट बांधली, लाट फक्त मधे ठेवली, वेग कमी केला. अशा तीन रेघा, एकीमागून एक हलणाऱ्या. रंग अंजिरी. कॉम्प्युटर ती लाट तयार करत असताना, म्हणजे रेंडर होताना, लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

दादा बघतच राहिला. "लई भारी झालंय गं. कुठून सुचलं?"

मी साडीचं सांगितलं. हसला. म्हणाला, "आता कॅसेटच्या शेवटी तुजं नाव टाकू."

मग बीडहूनही लोक यायला लागले. 'ती लाट' पाहिजे म्हणायचे.
माझं नाव काही येईना. विचारलं की, "पुढच्या कॅसेटला टाकू."

मग माझंच लग्न ठरलं. शूटिंग दादाचं, भावाकडून भेट. टायटल मी आधीच करून ठेवलं, आणि शेवटी स्वतःच्या हाताने माझं नाव टाकलं.

सासरी सगळे टीव्हीपुढे बसले. लाट आली. लग्न लागलं. मी शेवटाची वाट बघत होते.

'शूटिंग, मिक्सिंग, टायटल: भास्कर.'

माझं नाव पुसून.

सासूबाई म्हणाल्या, "काय हुशार भाऊ हाय तुजा."
नव्या नवरीनं काय बोलायचं?

माहेरी आल्यावर त्याला जाब विचारला.
"लगीन झालेल्या बाईचं नाव कावून टाकायचं? तुला आता त्याचा काय उपेग?"

त्यानंतर त्याला राखी बांधली नाही.

मागच्या आठवड्यात त्याच्या मुलीचा, पूजाचा फोन आला.

"आत्या, वर्षश्राद्धाला पप्पांचा व्हिडिओ करतेय. त्यांची ती लाट तुमच्या कॅसेटमध्ये असेल ना? आजीची साडी वाळत होती, ती बघून सुचली म्हणायचे."

आजीची. म्हणजे त्याच्या आईची.

नाव नेलंस ते गिळलं, दादा. माझ्या आईची साडी कावून नेलीस?
तीच साडी नेसवून आम्ही तिला स्मशानात पोचवलं.

फोन ठेवला आणि रडले. रागाने.

पूजाला काही बोलले नाही. लेकराचा काय दोष? कॅसेटला बुरशी लागलेली, म्हणून लॅपटॉपवर लाट नव्याने केली. चहाला उकळी येईपर्यंत झाली. अंजिरी रंग, बांधलेली टोकं. पाठवून दिली.

आज सकाळी पुन्हा पूजा.

"आत्या, मस्त झालंय. पण शेवटी चुकून तुमचं नाव आलंय. काढू का?"

"चुकून न्हाई आलं, बाळा. राहू दे."

ती "बरं" म्हणाली.

दादा, तुला शेवटचा नमस्कार.
आईची साडी मी परत घेतलीय. तू आता सुखाने जा.