मोबाईलमधल्या शेतावरची सावड

माझ्या मुलीनं मला शेती शिकवली. हसू नका. जिचं अर्धं आयुष्य गुडघाभर चिखलात भात लावण्यात गेलं, तिला खांदेश्वरच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसलेली पोरगी सांगते, "आई, इथे बोट लाव, झाली पेरणी. आता इथे, झालं पाणी." आणि माझा चहा संपायच्या आत गहू कापायला तयार! मी म्हटलं, "अगो बाई, राब कधी भाजला, बेणणी करून तण कधी काढलं?" तर म्हणते, "डोकं नको खाऊस, आई. गिफ्ट कसं पाठवायचं तेवढं शीक." तिच्या त्या मोबाईलमधल्या खेळात शेजारी लागतात. शेजारी जितके जास्त तितकी गिफ्टं जास्त, नि तिला शेजारी कमी पडत होते.

मला ते तेव्हाच कळलं होतं, मी काय खुळी नाही. पण माझा स्वार्थ वेगळा होता. बेलापूरजवळच्या आमच्या गावात मी एकटी. भातजमीन सरकारनं कधीच घेतली, तिथे आता काचेची ऑफिसं. नंतर नवराही गेला. घरावर माळे चढवलेत, वर भाडेकरी नि खाली मी. पोरगी इथून लोकलनं तीन स्टेशनांवर राहते, पण यायची सणाला, आणि फोन केला की "आई, मीटिंगमध्ये आहे." खेळात मात्र रोज यायची. माझ्या शेतात तिचा छोटा फोटो उमटायचा, ती पाणी घालून जायची, नि माझा जीव सुपाएवढा व्हायचा. बघ, आली माझी बाय. मग मी तिच्या शेतावर जायची. तिच्या कोंबड्यांना दाणे टाकायची, खोटं कशाला बोलू, त्या कोंबड्यांशी बोलायचीसुद्धा.

आणि मग मलाच चटक लागली की! उतारवयात व्यसन, जळलं मेलं ते लक्षण. कालवण करपायचं, डाळ उतू जायची. दुपारी जरा डोळा लागला की दचकून उठायची, मका वाळला असेल म्हणून. दिवाळे गावची कोळीण दारात टोपली उतरून ओरडतेय, "मावशे, बोंबील ताजं हाय," आणि मी आतून सांगतेय, "थांब जरा, गाजरं काढते." ती बिचारी अंगणात बघते, तर तिथे नुसत्या लाद्या. गावात कुणाकडे हळद असली तरी मी फोन पदराखाली घेऊन बसायची. बायका हसायच्या. हसू देत, म्हणायची मी, माझी लेक रोज येते माझ्याकडे.

मला तो खेळ आमच्या सावडीसारखा वाटला, तिथेच मी फसले. आमच्यात लावणी सावडीनं व्हायची. आज सगळ्या बाया माझ्या शेतावर, उद्या मी त्यांच्या. एखादी सकाळी बांधावर दिसली नाही की कामाला हात लावायच्या आधी कुणीतरी तिचं दार वाजवून यायची. ती तापानं पडली असली तर आधी तिचं शेत लावून द्यायचं, मग आपलं. कुणी कुणाला निरोप धाडत नव्हतं. शेत रिकामं दिसलं की कळायचं. या खेळातही पीक वाळलं नि शेजाऱ्यानं पाणी घातलं की ते परत उभं राहतं, म्हणून मला वाटलं, रीत तीच असणार.

एके दिवशी मासळी साफ करताना मोरीत पाय सरकला आणि मी उजव्या हातावर पडले. मनगट मोडलं. वरच्या माळ्यावरची भाडेकरीण धावत आली. साताऱ्याकडची पोर, तिनंच रिक्षा करून दवाखान्यात नेलं, प्लास्टर घालून आणलं. म्हणाली, "काकू, ताईंना फोन लावू?"

मी म्हटलं, "नको. कळंल तिला."

हट्ट म्हणा. मला बघायचंच होतं. डाव्या हातानं पाणी घालता आलं असतं, पण नाही घातलं. शेत वाळू दिलं. गहू तपकिरी झाला, मका मान टाकून उभा. मी दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसायची. आता दिसेल तिला, आता ती म्हणेल, आईचं शेत असं कसं, आता पायरीवर चप्पल वाजेल. भाडेकरीण डबा ठेवून जायची, तो गार व्हायचा. आणि एका सकाळी माझ्या शेजाऱ्यांत तिचं शेतच दिसेना. मला वाटलं, नेट गेलं. भाडेकरणीला दाखवलं. तिनं बराच वेळ फोन बघितला नि म्हणाली, "काहीतरी बिघाड असेल, काकू." वर जाऊन तिनं मला न विचारता माझ्या मुलीला फोन केला.

पोरगी धावत आली. केस विस्कटलेले, ऑफिसचं कार्ड गळ्यात तसंच. प्लास्टर बघून खरंच रडली, उगाच कशाला नावं ठेवू. "मला का नाही सांगितलंस?" म्हणून ओरडली. मग मऊ भात केला, तूप घातलं नि चमच्यानं भरवायला बसली. मी विरघळले. म्हटलं, जाऊ दे, आली ना. पण जिभेला हाड नाही माझ्या.

"माजं शेत वाळलेलं दिसलं नाय तुला?"

"दिसलं ना," ती म्हणाली. "मला वाटलं, कंटाळलीस खेळाला. अगं, शेजारी ठरावीकच ठेवता येतात. तुझ्याकडून काही येईना, माझी लेव्हल अडकली होती. म्हणून काढून टाकलं तुला."

मी घास गिळला. असतील शितं तर जमतील भुतं, हे मी दुसऱ्यांच्या पोरांबद्दल म्हणायची. माझा चेहरा उतरलेला तिला दिसला असावा, कारण तिनं वाटी खाली ठेवली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरी झालीस ना, की सांग मला. दुसऱ्या कुणाला तरी काढते आणि तुला परत घेते."

किती मायेनं म्हणाली! शिवी दिली असती तर मी उलट दोन दिल्या असत्या.