थायलंडमधली सर्वपित्री

"पितृपक्षात कुणी फिरायला जातं का?" असं भावाने विचारलं तेव्हा मी फटकन म्हणाले, "पान तू वाढणार, कावळ्याला हाका तू मारणार. माझं काय अडतंय?" आणि मीरा रोडहून जी निघाले ती थेट दक्षिण थायलंडला पोहोचले.

खरं म्हणजे मला त्या कावळ्यांपासूनच पळायचं होतं. दीड वर्षापूर्वी आई गेली. ती भाईंदर पश्चिमेला भावाकडे राहायची, मी मीरा रोडला पूनम सागरमध्ये एकटी. शेवटच्या वर्षात तिने मला तीनदा विचारलं होतं, "चार दिवस तुझ्याकडे येऊ का गं?" रिक्षाने जेमतेम अर्धा तास. पण मी कधी ऑडिट पुढे केलं, कधी घराचं रंगकाम. एकटीने राहायची सवय झालेली, दुसरं काय!

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. भावाने हात जोडून एकेक वचन दिलं. मुलांची शिक्षणं, गावचं देवदर्शन, सगळं. कावळे कठड्यावर ढिम्म. आईचा जीव कशात अडकलाय ते मला ठाऊक होतं. पण गेलेल्या माणसाला "ये राहायला" असं म्हणायचं कसं? भीती वाटली, खोटं कशाला बोलू. मी गप्प राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी जेवायला उठली.

नाखोन सी थम्मारात या शहरात मी उतरले होते त्या घराची मालकीण आईच्याच वयाची. आई गेल्याचं मी तिला सांगितलं होतं. अमावास्येच्या सकाळी ती मला देवळात घेऊन गेली. तिथे दहाव्या चांद्रमासातला पितरांचा सण होता. म्हणजे आपली सर्वपित्रीच की! अंगणात लाकडी माच, त्यावर केळी, भात, शेवयांहून बारीक तारांची गोड जाळी. भुकेल्या प्रेतांचं तोंड सुईच्या नेढ्याएवढं असतं, म्हणून इतकं बारीक, असं तिने मोडक्या इंग्रजीत सांगितलं. माझ्याही हातात एक ताटली देऊन म्हणाली, "तुझ्या आईचं नाव घे आणि ठेव."

मी ठेवली. भिक्खूंचं पठण संपलं मात्र, माणसांची माचावर झुंबड उडाली. माझ्या ताटलीतलं केळं कुणीतरी उचललं तशी मी आडवा हात घालून ओरडले, "अहो थांबा, अजून कावळा शिवायचाय!"

लोक चकित होऊन बघत राहिले. मालकीणबाईने माझा हात हळूच बाजूला केला, ताटलीतली जाळी मोडून निम्मी स्वतः खाल्ली आणि निम्मी मला भरवली. जिवंत माणसांनी खाल्लं की त्यांना पोचतं, म्हणाली. इतकं सोपं?

मग मी विचारलं, "आज येतात का पितर?"

"आज परत जातात," ती म्हणाली. "पंधरा दिवस आपल्या मुलांच्या घरी राहून."

पंधरातले नऊ दिवस माझ्या घराला कुलूप होतं. कुणाचा यावर विश्वास असो नसो, मला समोर आई दिसली. बंद दाराशी, पिशवी घेऊन उभी.

देवळाच्या पायरीवर बसूनच मी शेजारच्या आंटींना फोन लावला. जादा किल्ली त्यांच्याकडे असते.

"आंटी, मेरा दरवाजा खोल दीजिए ना. शाम तक खुला रखिए."

"कोई आनेवाला है क्या?"

"आई," मी म्हणाले.

आई गेल्याचं त्यांना माहीत होतं. फोनमधून किल्ली शोधल्याची खुडबुड ऐकू आली. मग दार उघडल्याचा आवाज आला.

"खोल दिया, बेटा. मैं इधर ही बैठती हूँ. अकेली कैसे बैठेंगी वो?"

आई अखेर माझ्याकडे आली होती, आणि तिच्याजवळ बसायला शेजारीण होती. मी नव्हते.