तीन चुकीचे पर्याय

चौथ्या प्रश्नानंतर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तशाच क्लिक करत राहिल्या. विसावा प्रश्न संपला. पडद्यावर हिरवी पट्टी आली: वीसपैकी वीस, अभिनंदन.

"एकही प्रश्न वाचला नाही मी," वानखेडे मॅडम म्हणाल्या. "जे उत्तर सगळ्यात लांब दिसलं त्यावर क्लिक केलं. हे बनवलं कोणी?"

बनवलं मी होतं, सुपेल्यातल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात, दोन दिवसांत. कारखान्यात माणसं पुरवणाऱ्या एका ठेकेदार कंपनीला आपल्या कामगारांची गॅस-सुरक्षेची चाचणी वेबपेजवर हवी होती. पास झाल्याशिवाय गेटपास नाही. बरोबर उत्तर लिहिताना मी सगळ्या अटी काळजीने घातल्या, म्हणून ते लांब झालं. बाकीची तीन सुचतील तशी लिहिली. 'गॅसचा अलार्म वाजल्यास काय कराल?' याखाली एक पर्याय होता: 'गाणे म्हणेन.'

"गाणं म्हणून राहिला कोणी तिथं?" मॅडमनी विचारलं. "कामगार म्हणजे इतका येडा वाटते का तुम्हाले?"

ही आमची पहिली भेट. मॅडम कारखान्याच्या प्रशिक्षण विभागातून निवृत्त झाल्या होत्या आणि कंपनीने त्यांना पेज तपासायला बोलावलं होतं. आता त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी सौम्य लिहा, अशी संपादकांची सूचना आहे. ती मला पाळता येत नाही. मॅडमचा राग वगळला तर त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं फारच थोडं उरतं. आणि तो राग आता माझाही आहे.

आठवड्याने त्या एक वही घेऊन आल्या. खुर्सीपारच्या कामगार वस्तीत चहाच्या टपरीवर बसून त्यांनी कामगारांना एकेक प्रश्न विचारला होता आणि चुकीची उत्तरं तेवढी उतरवून घेतली होती. ओला रुमाल तोंडाला बांधतो. सुपरवायझरला विचारतो. सोबती पडला तर उचलायला धावतो.

"चुकीचं उत्तर घरी बसून सुचत नाही," त्या म्हणाल्या. "माणूस ज्या चुकीनं मरते, तीच तिथं लिहा."

चारही पर्याय सारख्याच लांबीचे हवेत. दर वेळी त्यांचा क्रम बदलायला हवा. चुकलं तर नुसती लाल फुली नको, तसं केल्यावर काय होतं ते दोन ओळींत दिसलं पाहिजे. पडलेल्या सोबत्याचा प्रश्न चुकला की बाकी एकोणीस बरोबर असले तरी नापास. मी तीनदा कोड लिहिलं, तीनदा त्यांनी परत केलं. चौथ्यांदा त्यांनी स्वतःच कोड शिकून ते दुरुस्त केलं. तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या.

नव्या चाचणीत पहिल्याच दिवशी निम्म्याहून जास्त माणसं नापास झाली. कंपनीच्या मॅनेजर साहेबांचा फोन आला. "मॅडम, इनको कलेक्टर थोड़े बनाना है. पुरानावाला लगा दो."

"कलेक्टरले गॅसच्या लाइनवर कोण पाठवते, साहेब?" एवढं बोलून मॅडमनी फोन ठेवला. मग साहेबांनी मला फोन केला. मी जुनं पेज शोधून ठेवलं होतं, हे मॅडमना आजवर सांगितलेलं नाही. इथे सांगतो.

ते चढवण्याआधी मी त्यांच्या घरी गेलो. दारात सुखदेव उभा होता. त्यांच्याच गल्लीतला वेल्डर, दोनदा नापास झालेला. तिसऱ्यांदा झाला असता तर कामाच्या यादीतून नाव जाणार होतं.

"काकू, पयले सारेच पास होऊन राहिले होते. तुम्ही कावून हात घातला त्यात?"

"आत ये. कोणता चुकला?"

"सोबती पडल्याचा. सोबती म्हणजे माहा साळा हाय, काकू. तो पडला तर मी धावीनच. खोटं कावून लिवू?"

"दोन्ही वेळा हेच लिहिलं?"

"दोन्ही वेळा."

मॅडमनी त्याला शाबासकी दिली नाही, उत्तरही सांगितलं नाही. चहा पुढे केला.

"तू धावला. तिथं गॅस हाय. तू बी पडला. आता सांग, घरी कोण हाय?"

"बायको."

"तिचा भाऊ गेला, अन् नवरा बी गेला."

सुखदेवने कप खाली ठेवला. मग त्याने विचारलं, "धावाच्या आधी श्वासाचं यंत्र लावाले किती टाइम लागते?" मॅडमनी घड्याळ काढून त्याच्याकडून ती कृती वीस-पंचवीस वेळा करून घेतली, यंत्राच्या जागी पोह्याचा डबा धरून. त्यानंतर मला 'उचलायला धावतो' या पर्यायाखाली एक ओळ वाढवायला सांगितली: 'घरी दोघांची वाट पाहणारी बाई एकच असू शकते.' ती ओळ मी तिथेच बसून चढवली. जुनं पेज पुसून टाकलं.

तेच साहेब सिविक सेंटरजवळच्या सभागृहात मॅडमना शाल देणार आहेत. निमंत्रणपत्रिकेत 'कामगारांच्या सुरक्षेसाठी आजन्म झटणाऱ्या' असं छापलं आहे. हे शब्द साहेबांचेच आहेत, हे मला माहीत आहे. साहेबांनी शाल जरूर द्यावी, पण त्याआधी मंचावर बसून चाचणी द्यावी. सगळ्यांसमोर, चष्मा लावून.

मॅडमचे गुडघे कुरकुर न करोत, डोळे शाबूत राहोत, अजून पुष्कळ वर्षं त्यांनी आमची पेजं परत करावीत. राग मात्र उतरू नये.

त्या चहाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुखदेव चाचणीला बसला. त्या प्रश्नाशी चार मिनिटं थांबला आणि पास झाला. उठला आणि त्याच खुर्चीवर त्याने साळ्याला बसवलं.