नकुशीच्या पाठीवर

आमच्या दारात विड्या वळताना पुस्तक वाचलं जायचं, हे सांगितलं की हल्लीच्या पोरींना फार कौतुक वाटतं. कौतुकासारखं त्यात काही नव्हतं. हात गुंतलेले आणि तोंडं मोकळी. वाचलं नाही तर भांडणं व्हायची.

सत्तर साल उलटून बरीच वर्षं झाली होती. निपाणीतल्या आमच्या गल्लीत दुपारची जेवणं आटोपली की पाच-सहा बायका मांडीवर सूप घेऊन आमच्याकडे येऊन बसायच्या. पान कातरायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा. वाचणारीला वळता येत नाही, म्हणून प्रत्येकीनं आपल्यातल्या थोड्या विड्या तिच्या सुपात टाकायच्या, असा आमचा नियम होता. चौथीपर्यंत शाळा झालेली मी एकटी, त्यामुळे वाचायचं काम माझ्याकडे. पोथ्या वाचून झाल्या, वाचनालयातली जुनी मासिकं झाली, आणि मग हे पुस्तक आलं.

ते आणलं समोरच्या घरातल्या बाईनं. तिचा भाऊ बेळगावला खासबागेत राहायचा, कॉलेजात शिकवायचा. दिवाळीला बहिणीकडे आला आणि पुस्तक विसरून गेला. वरचं पान फाटलेलं होतं, म्हणून पुस्तकाचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. मराठीत होतं. आकडे कसे गोळा करतात, त्यांतून काय कळतं, काय कळत नाही आणि आकडे दाखवून लोक एकमेकांना कसं फसवतात, हे त्यात गोष्टी सांगितल्यासारखं लिहिलं होतं. पहिली काही पानं ऐकून माझी सासू म्हणाली, "ह्येची फलश्रुती काय गं? पोथी वाचली की पुण्य मिळतं. ह्येनं काय मिळतं?"

"डोकं दुखतं," मी म्हणाले, आणि पुढे वाचलं.

सासूला मी मामी म्हणायचे. ती आमच्यातच बसायची, पानं निवडायची, आणि प्रत्येक गोष्टीवर बोलायची.

'सरासरी' आली तेव्हा मी आमच्यातल्या कानडी शेजारणीला विचारलं, "तुमच्यात ह्याला काय म्हणतात?"

"सरासरीच."

"बरं झालं. एवढ्या एका शब्दावर तरी सीमेचं भांडण न्हाय."

सरासरी समजावून द्यायला मी गल्लीतलंच उदाहरण घेतलं. कानडी बाईला सहा मुलं, समोरच्या घरातलीला एकही नाही; म्हणजे सरासरी दोघींना तीन-तीन. समोरची मान वर न करता म्हणाली, "मग माझी तीन कुठं हायत? दे की आणून. आंघोळी घालून दे."

"आत्ताच ने गं," कानडी बाई म्हणाली. "सांजच्याला माघारी आणू नगो, म्हंजे झालं."

हसून हसून एकीच्या सुपातला तंबाखू सांडला. मूल नसल्यावरून तिला गल्लीत बरंच ऐकावं लागायचं, पण ते दुसऱ्यांनी बोलायचं. तिनं स्वतः तोंड उघडून विनोद केला तो त्या पुस्तकामुळे. तेव्हापासून पुस्तक बंद करा असं सासूशिवाय कुणी म्हटलं नाही.

मी तेव्हा तिसऱ्यांदा पोटुशी होते. आधीच्या दोन मुली. आमच्या भागात मुलीवर मुली झाल्या की पुढच्या मुलीचं नाव नकुशी ठेवायचे. देवाला कळावं की आता ह्या घराला मुलगी नको, म्हणजे तो तिच्या पाठीवर मुलगा देतो. सासूनं मला पाचवा महिना लागतानाच सांगून टाकलं होतं, "पोरगी झाली तर नकुशी ठेवायचं. इचारायचं काम न्हाय."

मी म्हणाले, "न्हाय ठेवायची."

"का?"

"माझी पोर हाय. मला नको झालेली न्हाय."

"अगं, पुरावा जेवायला बसतोय रोज तुझ्यासमोर! हिला नकुशी म्हटलं," तिनं माझ्या नणंदेकडं बोट केलं, "आन पाठीवर तुझा नवरा झाला. मग?"

नणंद तिथंच वळत बसलेली असायची. दोन गल्ल्या सोडून तिचं सासर, पण दुपारी ती आईच्या दारात यायची. लग्नात सासरच्यांनी तिचं नाव बदललं होतं, चांगलं नाव होतं. आईनं ते कधी तोंडात घेतलं नाही. आई हाक मारायची ती "नकुशे" अशीच. आम्ही सगळ्या तिला आक्का म्हणायचो. मुलीच्या बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो. म्हणजे मला मुलगी झाली तर ती नकुशी आहे की नाही, हे शेवटी आक्काच्या तोंडून ठरणार होतं.

पुस्तकात नाणं उडवायचा एक धडा होता. चार वेळा काटा पडला म्हणून पाचव्या वेळी छापा पडेलच असं नाही, नाण्याला मागचं काही आठवत नाही, असं त्यात लिहिलं होतं. आम्ही नाण्याऐवजी चिंचोका घेतला. उभा फोडलेला चिंचोका पटावर टाकायला लहानपणी सगळ्यांनीच वापरलेला. एक बाजू पांढरी, एक काळी. विड्या बाजूला ठेवून टाकत बसलो. एकदा काळी बाजू लागोपाठ इतकी पडली की सासू ओरडली, "आता पांढरीच! लावा पैज!" पुन्हा काळीच पडली.

"ह्यो चिंचोका नासका हाय," सासू म्हणाली.

त्याच्या पुढचा धडा मला जास्त कामाचा वाटला. जे सांगायला येतात तेवढेच मोजू नका. जे आलेच नाहीत त्यांना जाऊन विचारा, असं त्यात होतं. मी वाचता वाचता थांबले. नकुशीच्या पाठीवर मुलगा झाला की घरचे पेढे वाटतात आणि पुढं आयुष्यभर सांगतात. मुलगी झाली तर कोण सांगणार आणि कुणाला?

"एक शीत बघितलं की भात कळतो," सासू म्हणाली.

"एका पातेल्यातला असंल तर," मी म्हणाले. "गावच्या समद्या चुलीवरचा न्हाय कळत."

मग आम्ही ठरवलं की विचारायचं. पण नकुशीला 'तुझ्या पाठीवर कोण झालं' असं विचारणं म्हणजे तिच्या दुखण्यावर बोट ठेवणं. मी गेले असते तर शिव्या खाऊन आले असते. आक्का जाऊ शकत होती, कारण ती त्यांच्यातलीच. तिला कुणी "जा" म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आली आणि पदराची गाठ सोडून तीन चिंचोके माझ्यापुढं ठेवले. पाठीवर मुलगा तर फोडलेला पांढरा, मुलगी तर अख्खा काळा, कुणीच झालं नसेल तर खडा, असं तीन वाट्यांत टाकायचं आमचं ठरलं होतं. आक्का बाजारात विचारायची, नळावर विचारायची, लग्नाला कोगनोळीला गेली तर तिथून विचारून यायची. बाकीच्या बायकाही आपापल्या माहेरच्या नकुशा आठवून सांगायच्या.

त्यात एक घोळ झाला. कानडी बाईनं सांगितलेली कोगनोळीची नकुशी आणि आक्कानं आमच्याच पेठेत शोधलेली एक बाई, ह्या दोघी एकच निघाल्या. लग्नात नाव बदललेलं, म्हणून माहेरच्या नावानं एकदा मोजली आणि सासरच्या घरी एकदा. शहाण्या माणसांच्या पुस्तकात ही अडचण दिलेली नव्हती. त्यांच्यात बायकांची नावं बदलत नसावीत. मग प्रत्येकीची दोन्ही नावं विचारून पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

एके दिवशी पांढरे चिंचोके वाढलेले दिसले. मी सासूला विचारलं, "मामी, ह्यातला एक तुमच्या ल्योकाचा. ह्यो दुसरा कुणाचा?"

"त्यो बी त्येचाच. लई गुणाचा हाय माझा ल्योक."

तो मी काढून टाकला.

शेवटी ढीग बघितले तर पांढऱ्या-काळ्यांत डावंउजवं करण्यासारखं काही नव्हतं. नकुशी म्हटल्यानं देवाला काही कळत नाही, हे त्या वाट्यांत उघडं पडलेलं दिसत होतं. मला लढाई जिंकल्यासारखं झालं. मी म्हणाले, "झालं. आता मामींना बोलायला जागा न्हाय. बारशात ह्या वाट्याच पुढं ठेवते."

आक्का वळत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "आन समदे पांढरेच निघाले असते तर?"

"म्हंजे?"

"पाठीवर समद्यांच्या पोरगंच झालं असतं, तर ठेवायचं होतं व्हय नकुशी?"

मी पुस्तक उघडून पानं चाळायला लागले. त्यात ह्याचं उत्तर नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं. पाठीवर कोण येतं हे मोजून सांगता येतं. दाराशी आलेल्या पोरीला नको म्हणायचं की नाही, हे मोजायला जायचंच नसतं. एवढं आक्काला कळत होतं, आणि मी मात्र चिंचोके मोजत बसले होते. मी उठून तिन्ही वाट्या गटारात ओतल्या. कानडी बाई म्हणाली, "अगं, एवढी मेहनत!" मी म्हणाले, "असू दे."

पुस्तक मात्र आम्ही शेवटपर्यंत वाचलं. सासूला वाटलं मी हरले, म्हणून ती खूष होती.

मला मुलगी झाली. सासूनं बाळंतपणात काही कमी केलं नाही, हे सांगायला हवं. डिंकाचे लाडू केले, शेक दिला, आणि रोज न चुकता म्हणाली, "नकुशीला पाजलं का?" मी रोज न चुकता म्हणाले, "नकुशी कोण? माझ्या पोरीला पाजलं."

बारशाच्या आदल्या दिवशी मला हवं ते नाव मी आक्काला सांगून ठेवलं. तिनं नुसतं ऐकून घेतलं.

बारशाला गल्लीतल्या बायका पाळण्याभोवती जमल्या. नवरा उंबऱ्याजवळ उभा होता. सासू आक्काला म्हणाली, "नकुशी. ध्यानात हाय न्हवं?"

"मला इसरंल व्हय?" आक्का म्हणाली. "जलमभर तीच हाक ऐकतीया."

ती वाकली, पोरीच्या कानाशी कुर्र केलं आणि नाव सांगितलं. नाव सांगताना आत्याच्या पाठीत बुक्क्या घालायची रीत आहे, तशा बायकांनी घातल्या. मग ती उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव मोठ्यानं म्हणाली.

ते सासूनं सांगितलेलं नव्हतं. आणि मी सांगितलेलंही नव्हतं.

नाव मी इथं लिहीत नाही. जिचं आहे तिला माहीत आहे. मला ते तेव्हा आवडलं नाही, आताही फारसं आवडत नाही. पण हाक मारली की मुलगी वळून बघते आणि तिच्या मनाला काही लागत नाही.

"ह्ये कुणी ठरवलं?" सासूनं विचारलं.

"मी."

"तुला कुणी इचारलंतं?"

"मला कवा कुणी इचारलंय?" आक्का म्हणाली. "म्हणून न इचारता सांगितलं."

सासू माझ्याकडं वळली. "आता पाठीवर पोरगा कसा यील, सांग!"

"पाठीवर कुणीच येणार न्हाय," मी म्हणाले. "ऑपरेशन करून घ्यायचं मी दवाखान्यात बोलून आले."

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. हे त्याला आधी सांगायचं राहिलं होतं. बायका त्याच्याकडं बघायला लागल्या, समोरच्या घरातलीनं तर पदर तोंडात धरला. तो म्हणाला, "घुगऱ्या वाटा आधी. बायका कवाच्या ताटकळल्यात."

घुगऱ्या वाटल्या. सासूनं हात पुढं केला नाही. आक्कानं आईचा वाटा स्वतःच्या ओटीत ओतून घेतला, चार दाणे तोंडात टाकले आणि म्हणाली, "झ्याक शिजल्यात गं."