तळ्यावरचीला शेवटचा नंबर

भाऊचं डोकं फिरलं ते एका यादीवरून. भाऊ म्हणजे आमच्या शेजारचा जीपवाला. सकाळी गावातली माणसं धानोऱ्याला न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची, हे त्याचं काम. त्या दिवशी जीपमध्ये बसलेल्या कॉलेजच्या एका पोरीने त्याला मोबाईलवर एक यादी दाखवली होती. एकाच कंपनीच्या सुपरहिरोंच्या सगळ्या मालिका, सगळ्यात चांगलीपासून सगळ्यात वाईटपर्यंत ओळीने लावलेल्या. आणि आमच्या लाडक्या म्हाताऱ्या हिरोची मालिका त्यात तळाला होती.

"कोनं बनवली ही यादी? कोनाले इचारून?" भाऊ फाटकापासूनच ओरडत आला. "आपल्याले तर कोनी इचारलं नाई."

मग आपली यादी आपणच करायची असं ठरलं. ती करायला आम्हाला जवळजवळ तीन महिने लागले. सुपरहिरोंच्या पाच मालिकांना तीन महिने कशाला लागतात, तेच सांगते.

मी तेव्हा धानोरा तालुक्यातल्या एका लहान गावात शिक्षिका होते. सहा वर्षं मी एका एकट्या बाईच्या घरात राहिले. तिचा नवरा कधीचाच गेला होता, मूलबाळ नव्हतं. चार बांध्यांतलं, म्हणजे खाचरांतलं धान, मोहफुलं आणि विड्यांसाठीचा तेंदूपत्ता यावर तिचं वर्ष निघायचं. मी तिला बाई म्हणायची, ती मला मास्तरीन. पहिला महिना मी माझ्या खोलीत स्टोव्हवर भात शिजवला. दुसऱ्या महिन्यात तिने स्टोव्ह उचलून माळ्यावर टाकला आणि म्हणाली, "एका घरात दोन धूर चांगले नाई दिसत." तेव्हापासून आम्ही एकाच चुलीवरचं जेवायचो.

गावात रेंज नव्हती. भाऊ धानोऱ्याच्या स्टँडवर सवाऱ्यांची वाट पाहत बसायचा तेव्हा मालिकांचे भाग उतरवून घ्यायचा, आणि रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही चौघं बाईच्या खोलीत जमायचो. भाऊ, त्याची बायको, जिला मी वहिनी म्हणायची आणि जी अंगणवाडी सांभाळायची, बाई आणि मी. पालथ्या पायलीला टेकवून मोबाईल उभा करायचा. सगळं हिंदीत असायचं. बाईला हिंदी अर्धीच कळायची, उरलेली मी सांगायची.

अंगणात मोहफुलं वाळत पडलेली असत. दारातून त्यांचा वास यायचा, जड आणि गोड, आणि डोळे आपोआप मिटायचे. मालिका मात्र आत चालूच राहायची. जाग आली की आम्ही एकमेकांना विचारायचो, तो पूल खरंच पडला की मला स्वप्न पडलं? एकदा तिघांनी एकाच भागाचे तीन शेवट सांगितले. पुन्हा लावून खात्री करावी असं कोणाच्या मनात आलं नाही. तिन्ही शेवट बरे होते. आजही मला त्या मालिकांमधलं नेमकं काय पडद्यावर झालं आणि काय त्या खोलीत झालं, हे वेगळं काढता येत नाही.

यादीच्या आधीच्या हिवाळ्यात मी बदलीचा अर्ज केला होता. सावली या माझ्या गावी आई एकटी होती. तळ्यातली मासोळी बाजारात विकून तिने मला शिकवलं, आणि आता तिचे गुडघे तिला अंगणापलीकडे जाऊ देत नव्हते. कारण खरं होतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. तरी मी बाईला ते सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायची, रोज तिने चहाचा कप हातात दिला की शाळेचंच काहीतरी बोलून टाकायची. पोरांना खोटं बोलू नका म्हणून दटावणारी मी, एवढं साधं बोलायला घाबरत होते.

आता यादीकडे वळू. मी सरळ माणूस, मला वाटलं हात वर करायला लावू, दहा मिनिटांत काम आटपेल. "ज्यांना काचवाल्याची मालिका आवडली नाही, त्यांनी हात वर करा," मी म्हणाले. तिघंही माझ्याकडे बघत राहिले. मी पहिल्या वर्षी शाळेच्या बैठकीत हीच चूक केली होती. या गावात हात मोजत नाहीत. बांबू कधी तोडायचा, पत्ता कधीपासून तोडायचा, सगळं सभेत बसून ठरतं आणि एकाला जरी पटलं नसलं तरी ठरत नाही. मग त्याच्याशी बोलतात, पुन्हा बसतात, दोन दोन आठवडे बसतात. त्याचं पटेपर्यंत सभा संपली असं कोणी म्हणत नाही. आणि सभा चालू असेपर्यंत तिच्यात बसलेलं माणूस गाव सोडून जात नाही, हेही तिथे धरूनच चाललेलं असतं.

"मंग यादीचीबी सभाच होईन," भाऊ म्हणाला. पहिला नंबर कोणाचा, यावर एका मिनिटात सगळ्यांचं एक झालं. म्हातारा. त्याच्या अंगातली शक्ती ओसरत चाललेली असते आणि तो ते कोणाला कळू देत नाही. एका भागात तो आपल्याला उडता येतं हेच विसरतो आणि हाश हुश करत अकरा मजले चढून जातो. भाऊ त्यावर इतका हसला की त्याला उचकी लागली. उचकीवर तो पाणी प्यायला. त्याच्या वडलांचं तसंच झालं होतं म्हणाला, जंगलात वाट विसरायचे आणि वाट शोधायचं नाटक करायचे.

त्याखाली जुळ्या बहिणी. एकीला शक्ती मिळते, दुसरीला मिळत नाही, आणि दुसरी सगळे भाग पहिलीचा डबा भरते. मला ती मालिका वर हवी होती, पण म्हाताऱ्यापुढे मी माघार घेतली. मग पंखवाली शिपाईण. हिच्यावर बाईने एकटीने पाणी ओतलं. पंखवाली जंगलावरून उडत जाते तेव्हा बाई एकदम सरसावून बसली.

"हे जंगल खोटं आहे."

"काऊन जी?" वहिनीने विचारलं.

"येवढी मोठी बाई डोक्यावरून गेली अन् एक पाखरू उडालं नाई?"

भाऊने कागदावर लिहून टाकलं. पंखवाली तिसरी. काचवाला चौथा, कारण तो हात लावेल ते काचेचं होतं आणि मग फुटतं, अख्खं शहर फुटतं, आणि वहिनीचा एकच सवाल होता की हे झाडणार कोण. अंगणवाडीत रोज सांडलेली खिचडी झाडणारी बाई ती, तिचा मुद्दा आम्हाला लगेच पटला.

राहिली तळ्यावरची. हिला दूरचं ऐकू येतं. कोस कोस लांबचं. एवढी शक्ती घेऊन ती आठ भाग एका तळ्याच्या काठावर बसून राहते. कोणाला मारत नाही, कोणाला वाचवत नाही, ऐकते फक्त. मी, भाऊ, वहिनी, तिघांचंही एकच मत होतं, हिला सगळ्यात खाली टाका. बाई म्हणाली, "मले नाई पटत."

"अहो बाई, तुम्ही झोपला होतात! घोरत होतात!" मी म्हणाले.

"कानानं पाहत होती मी."

"बरं, काय आवडलं सांगा."

"साडी चांगली होती तिची."

"साडी नव्हती तिच्या अंगावर, चिलखत होतं."

"मंग तेच चांगलं होतं."

पुढच्या रविवारी तळ्याचं पाणी आपल्या तलावासारखं होतं, हे कारण झालं. त्याच्या पुढच्या रविवारी, खाली टाकलं तर तिले वाईट वाटन. मला राग आवरेना. मी चिडले की माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो. मी एकेका भागाची चिरफाड करायची, फळ्यावर गणित सोडवावं तशी. बाई शांतपणे ऐकून घ्यायची, टोपल्यात हात फिरवत फुलांमधला कचरा वेचायची, आणि शेवटी मान हलवायची. नाई पटत. भाऊ लगेच म्हणायचा, "बरं, मंग पुढच्या रविवारी बसू." त्याला आणि वहिनीला घाई कशी नाही, याचंही मला आश्चर्य वाटायचं.

शेवटी हातपंपावर वहिनीनेच मला धरलं. माझी बादली भरून वाहत होती आणि मी बाईच्या हट्टाबद्दल तक्रार करत होते.

"मास्तरीन, तुमाले खरंच समजत नाई का जी?" ती म्हणाली. "यादी झाली का सभा उठली. सभा उठली का तुमी चालल्या."

मी म्हणाले, "तिला कोणी सांगितलं?"

"जीपमधी काय लपून राह्यते? होळीपासून मालूम आहे तिले. आमालेबी."

मला लाज वाटली. होळीपासून ती मला चहाचा कप देत होती, आणि मी विषय टाळते हे तिला दिसत होतं. आणि खरं सांगते, त्या लाजेच्या पोटात आनंदही होता. मला जाऊ द्यायचं नाही म्हणून कोणीतरी एका रद्दी मालिकेची इतकी बाजू घेत होतं.

त्यानंतर मी शहाण्यासारखं लगेच बोलायला हवं होतं. नाही बोलले. उलट मीच वाद सैल सोडायला लागले. "तसं संगीत बरं होतं तळ्यावरचीचं," मी म्हणायची, आणि बाई माझ्याकडे चमकून बघायची. ते रविवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुस्त, सगळ्यात सुखाचे रविवार असतील. मोह सरला, अंगण रिकामं झालं, ऊन पांढरं पडलं, आणि आम्ही चौघं त्या गार खोलीत अर्धे जागे, अर्धे झोपेत, एका यादीची शेवटची ओळ न लिहिता बसून राहिलो. उन्हाळा तिथेच थांबला असता तर माझी तक्रार नव्हती.

पण बदलीची ऑर्डर आली. सोमवारी मला गाव सोडायचं होतं. रविवारी दुपारी मोबाईल लावलाच नाही. तेंदूचे दिवस सुरू झाले होते, सकाळी तोडून आणलेल्या पानांचा ढीग खोलीच्या मधोमध होता आणि आम्ही चौघं गोल बसून पुडे बांधत होतो. सहा वर्षांत माझा पुडा एकदाही बाईसारखा सरळ बांधला गेला नाही. पानं हातात धरूनच मी म्हणाले, "बाई, बदली मी मागितली होती. अर्ज मीच केला."

"मालूम आहे."

"तुम्हाला सांगायला पाहिजे होतं."

"हो, पाह्यजे होतं." ती रागावली होती, ते तिच्या आवाजात होतं आणि तिने ते लपवलं नाही. तिने दोन पुडे बांधले, दातांनी दोरी तोडली. मग म्हणाली, "लिवा आता. तळ्यावरची सगळ्यात खाली. मले पटलं."

भाऊने खिशातला घडी घातलेला कागद काढला. वहिनी म्हणाली, मलेबी पटलं. भाऊ म्हणाला, मलेबी. मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण माझंही विचारल्याशिवाय कसं चालेल? तीन महिने मी तिला शेवटचा नंबर द्या म्हणून घसा कोरडा केला होता.

"मला नाही पटत," मी म्हणाले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि हात पानांच्या रसाने काळे झालेले, त्यामुळे पुसताही येईना.

कोणी हसलं नाही. कोणी समजूतही घातली नाही. भाऊने पेन खाली ठेवलं आणि पुन्हा पानं हातात घेतली. वहिनीनेही घेतली. ते दोघं खरोखर थांबले होते. मी महिनाभर अडून बसले असते तर ते महिनाभर थांबले असते, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.  दोघांचे चार चार पुडे बांधून झाले.

मग बाईने माझ्या हातातला वाकडा पुडा काढून घेतला, सोडला, आणि पुन्हा बांधायला लागली.

"हो म्हना, मास्तरीन," ती पुड्याकडे बघतच म्हणाली. "तुमची माय एकटी राहून राह्यली तिकडं. तिले सवय नसन. मले आहे."

मी हो म्हणाले.