माळ्यावरची फुगडी

माझे वडील खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होते, त्यामुळे जगातले कुठलेही ओझे ते आपल्या गाडीच्या हिशेबात तोलत. डिचोलीजवळच्या आमच्या घराला माळा घालायचे ठरले, तेव्हा फणसाच्या ओंडक्यातून कड्या केवढ्या काढायच्या यावरून घरात जुंपली. या कड्या भिंतीपासून भिंतीपर्यंत दहा फूट जाणार आणि त्यांच्यावर फळ्या बसणार. मेस्त, म्हणजे आमचे सुतार, म्हणाले, कड्या उंचीला सहा इंच हव्यात. वडिलांना चार पुरेशा वाटत होत्या. लहान काढल्या तर संख्येने जास्त निघतील, आणि नारळ नि भाताची पोती ठेवायला असे काय मोठे लागते?

आईला मात्र माळा पोत्यांसाठी नकोच होता. तिच्या बहिणी पेडण्याकडे, पार्स्यात. चवथीला हौसेने येत, पण निजायला जागा नाही म्हणून आरती झाली की बसची वेळ विचारू लागत. त्यांना निरोप देताना आईचे तोंड एवढेसे होई, आणि मला त्या बसचाच राग येई.

"नारळ माळ्यार गप बसतत," आई म्हणाली. "माझ्यो भयणी फुगडी घालतल्यो."

वडिलांनी ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा दाखला दिला. पाटे लवतात म्हणूनच गाडी तरते, तेव्हा माळाही थोडा लवलेला बरा.

"माका घरात गाडयेत बसूक नाका," आई म्हणाली.

शेवटी मेस्तांनी आपल्याकडच्या चार इंची दोन कड्या आणून अंगणात चिऱ्यांवर टेकवल्या, मध्ये दहा फूट मोकळे ठेवून. वर फळ्या टाकल्या. वडील चहाचा कप घेऊन ऐटीत फळ्यांच्याच एका कडेला बसले. आईने पदर खोचला, शेजारणीला हात धरून वर ओढले आणि दोघींनी फुगडी धरली. दुसऱ्या गिरकीलाच सगळा चहा वडिलांच्या सदऱ्यावर. ते सदरा झटकत उठले आणि मेस्तांना म्हणाले, सहाच काढा.

चवथीला मावश्या आल्या. गणपतीच्या डोक्यावर नाचायचे नाही, म्हणून माळा आतल्या खोलीवर घातला होता. आरती आटोपताच सगळ्याजणी वर चढल्या. वडील खाली, मुद्दाम मधल्या कडीखाली, भरलेला कप घेऊन बसले आणि वर बघत राहिले. कडी जागची हलली नाही.

फुगडी थांबल्यावर थोरली मावशी धापा टाकत जिन्यातून वाकली. तिने बसची वेळ विचारली नाही, उश्या कुठे आहेत ते विचारले.